ल्युपिनचे बी

हापूसची कोय पुरली म्हणजे तिच्या झाडाला हापूसच लागेल, अशी खात्री कोणताही बागाईतदार देणार नाही. म्हणून तर तो कलम बांधतो. कोयीतून उगवलेल्या झाडात दुसऱ्या झाडाच्या परागाचाही वाटा असतो. थंड देशांच्या बागांत फुलणाऱ्या ल्युपिनचेही असेच आहे.

ल्युपिन हे हरभऱ्याच्या कुळातील बहुवर्षायू झाड. हिवाळ्यात ते वरून वाळते. परंतु मुळे जिवंत राहतात आणि वसंत ऋतू येताच नवे कोंब फुटतात. त्याचे बी टणक असते. काचकागदावर हलकेच घासून ते रात्रभर भिजत घातले, की लवकर रुजते. मात्र ते विषारी असल्याने कधीही तोंडात घालू नये. पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानेच येतात. फुलाचा रंग पाहावयाचा तर दुसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागते, आणि इतके करून तो मनाजोगता निघेलच असे नाही!

पुष्कळांना हा दोष वाटतो. इंग्लंडातील यॉर्क शहरी राहणाऱ्या जॉर्ज रसेल या माळ्याने मात्र त्याचाच उपयोग करून घेतला. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ल्युपिन डेव्हिड डग्लस याने १८२६ साली इंग्लंडात आणले होते. त्याची फुले बहुतेक निळी असत, आणि तुऱ्यांत विरळ. १९११ च्या सुमारास ते फुलदाणीत पाहून रसेलला वाटले, याहून चांगले ल्युपिन व्हावयास हवे. तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती.

भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यांवर त्याने नाना जातींचे ल्युपिन लावले. परागांची देवघेव त्याने भुंग्यांवर सोपविली. निवड मात्र स्वतःकडे ठेवली, आणि ती मोठी कठोर होती. जे रोप पसंत पडले नाही, ते तो उपटून टाकी. कारण उघड आहे : वाईट रोप बागेत राहिले, तर भुंगे त्याचेही पराग चांगल्या रोपावर नेतील. निवडलेल्यांचे बी पुन्हा पेरावयाचे, पुन्हा थांबावयाचे. झाड बहुवर्षायू असल्यामुळे चांगली रोपे पुढील वर्षीही बी देण्यास हजर असत, हा मोठाच लाभ.

अशी सुमारे पंचवीस वर्षे गेली. १९३७ च्या जून महिन्यात लंडनच्या पुष्पप्रदर्शनात त्याचे ल्युपिन मांडले गेले. खालपासून टोकापर्यंत गच्च भरलेले तुरे, लाल, गुलाबी, पिवळे, कित्येक तर दुरंगी! त्या वेळी रसेल ऐंशीच्या घरात होता.

त्याच्या ल्युपिनपासून निघालेल्या जाती आजही लावल्या जातात. एखाद्या झाडाचा रंग तंतोतंत हवा असेल, तर वसंतात त्याचे बुडाचे कोंब कापून लावतात. बी पेरतात ते, कोणता रंग निघेल याची वाट पाहणे ज्यांना आवडते ते.