ऑपेरा हाऊसचे बॉक्स परत आले

वीस वर्षांहून अधिक काळ ऑपेरा हाऊस बंद होतं आणि तरी रोज हजारो माणसं ‘ऑपेरा हाऊसला’ जात होती. बसचा थांबा ऑपेरा हाऊस, टॅक्सीवाल्याला सांगायचं ऑपेरा हाऊस, हिऱ्यांचा बाजार ऑपेरा हाऊसचा. चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडच्या दिशेने निघालं की पंचरत्न इमारतीच्या आसपास हिऱ्यांच्या पुड्या हातोहात फिरताना दिसत. तिथून हाकेच्या अंतरावर दरवाजे बंद करून, पावसाने काळवंडून, मुंबईतली एक सर्वांत देखणी वास्तू उभी होती. तिच्या नावाने पोट भरणाऱ्या कितीतरी जणांनी ती आतून कधी पाहिलीही नव्हती.

आज ती पाहता येते. देशात उरलेलं हे एकमेव ऑपेरा हाऊस आहे. पण गिरगावकरांच्या आठवणीत ते मुख्यतः सिनेमाचं थिएटर आहे. जीर्णोद्धार करताना यातलं कोणतं ऑपेरा हाऊस परत आणायचं हा प्रश्न आलाच असणार, आणि त्याचं उत्तर आत शिरल्यावर डोळ्यांनी वाचता येतं.

या घराची कल्पना 1908 मधली. मॉरिस बँडमन नावाचा एक नाटक व्यावसायिक कलकत्त्यात बसून मोठा कारभार चालवत होता. त्याच्या फिरत्या नाटक कंपन्या जिब्राल्टरपासून योकोहामापर्यंत बोटीने हिंडत आणि बंदराबंदरावरच्या गोऱ्या वस्तीला लंडनची ताजी संगीतिका दाखवत. या फेरीत मुंबई फार मोक्याची. तिथे हक्काचं नाट्यगृह हवंच. त्याला जोड मिळाली ती जहांगीर फ्रामजी कराका या कोळशाच्या व्यापारातल्या पारशी धनिकाची. 1911 मध्ये दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज आला तेव्हा बांधकाम अजून चालूच होतं, तरी उद्घाटन त्याच्या हस्ते उरकून घेतलं गेलं. ‘रॉयल’ ही उपाधी त्यातूनच आली. खेळ सुरू झाले ते 1912 मध्ये, आणि सजावट त्यानंतरही काही वर्षं चालू होती.

पैसा कुठे खर्च झाला हे दाराशीच कळतं. पायऱ्या चढून आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. दर्शनी दालनाच्या माथ्यावर आठ भागांत विभागलेला घुमट आहे, आणि त्यावरची चित्रं म्हणजे कवींना, नाटककारांना केलेलं अभिवादन. दालनातली मोठी झुंबरं ससून घराण्याने दिलेली. भायखळ्यात ससूनांचा ‘साँ सुसी’ नावाचा वाडा होता, आज तिथे मसिना हॉस्पिटल आहे. त्या वाड्याशी या झुंबरांचं नातं जोडलं जातं. मला या दालनात एक गोष्ट नेहमी जाणवते. नाटक इथेच सुरू होतं. तिसरी घंटा व्हायला अवकाश असतो, पण संगमरवरावर पाय पडला की माणूस आवाज खाली आणतो, पदर नाहीतर कॉलर सारखी करतो. आपल्याला कोणीतरी पाहतंय असं वाटायला लावणारी ही जागा आहे, आणि ती मुद्दाम तशी बांधलेली आहे.

हीच गोष्ट सभागृहातल्या बॉक्सची. बॉक्स म्हणजे भिंतीला लागून असलेला, चारसहा खुर्च्यांचा छोटा खासगी सज्जा. युरोपातल्या ऑपेरागृहांत अशा सज्ज्यांच्या रांगाच्या रांगा असतात. बाजूच्या बॉक्समध्ये बसणाऱ्याला रंगमंच तिरका दिसतो, कधी निम्माच दिसतो. पण समोरच्या बॉक्समध्ये कोण आलंय, कोणासोबत आलंय, काय लेऊन आलंय, हे मात्र स्वच्छ दिसतं. जास्त पैसे मोजून लोक तिथे बसत ते पाहण्याइतकंच दिसण्यासाठी. मागच्या बाजूला, वर अगदी छताजवळ, गॅलरी होती आणि तिथे स्वस्त तिकिटाचा प्रेक्षक. छताची रचना अशी केली होती की त्या शेवटच्या माणसालाही गाण्यातला शब्द न् शब्द कळावा. मायक्रोफोन नव्हता. गायकाची छाती आणि वरचा गिलावा, एवढीच यंत्रणा.

ही यंत्रणा विलायती गळ्यांसाठी बांधली, तरी तिचं सोनं केलं आपल्या माणसांनी. बालगंधर्व इथे गायले, मास्टर दीनानाथ गायले. संगीत नाटकाचा गायक-नट तसाच उघड्या गळ्याने गाणारा, समोर ऑर्गन, बाजूला तबला, आणि एकेका पदाला ‘वन्स मोअर’ मागणारा प्रेक्षक. गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी, ग्रँट रोड असा नाटकवेडा मुलूख पायी अंतरावर. बँडमनने हिशेब साहेबांचा केला, पण जागा निवडली ती मराठी आणि गुजराती नाटकाच्या ऐन वस्तीत. पुढे 1944 मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी पृथ्वी थिएटर्स काढलं, तेव्हा त्यांनीही इथेच तळ दिला. ‘दीवार’, ‘पठाण’ अशी फाळणीच्या प्रश्नाशी थेट बोलणारी नाटकं या मंचावर झाली. प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी मान खाली घालून, झोळी पसरून उभे राहत. अकबराच्या भूमिकेत ज्यांना पाहून पुढे सारा देश दबला, ते इथे मदतनिधीसाठी प्रेक्षकांपुढे असे वाकून उभे असत.

सिनेमा मात्र या घरात आधीच शिरला होता. मूकपटांच्या काळात नाटकांच्या मधल्या दिवसांत फिल्म दाखवली जाई. 1925 पासून पाथे कंपनीचे चित्रपट नेमाने लागू लागले, आणि 1935 मध्ये आयडियल पिक्चर्सने ताबा घेतल्यावर हे मुख्यतः चित्रपटगृह झालं. त्यात इमारतीची चूक नव्हती, की नव्या चालकांचाही दुष्टपणा नव्हता. पडद्याचे नियमच वेगळे. चित्र सपाट असतं, ते समोरूनच पाहावं लागतं. बाजूच्या बॉक्समधून पाहिलं तर नायकाचा चेहरा चिंचोळा दिसतो. अंधार केल्यावर कोण काय लेऊन आलंय याला काही किंमत उरत नाही. आणि सिनेमाचा धंदा रोज तीनचार खेळ, प्रत्येक खेळाला शक्य तितक्या समोरासमोरच्या खुर्च्या, या गणितावर चालतो. मग बॉक्स कापले गेले, झाकले गेले, बाल्कनी वाढली. मिरवण्यासाठी बांधलेलं घर सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून बसायचं घर झालं. 1952 मध्ये सौराष्ट्रातल्या गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांनी ते घेतलं आणि तेव्हापासून मालकी त्याच घराण्याकडे आहे.

त्या काळातल्या या टापूची कल्पना आज करून द्यावी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये लागला ते कोरोनेशन गिरगावचं, ‘आलम आरा’ 1931 मध्ये बोलला ते मॅजेस्टिकही गिरगावचं. ऑपेरा हाऊसच्या शेजारी रॉक्सी, चर्नी रोडला सेंट्रल, तिथे 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ वर्षभराहून अधिक चालला. लॅमिंग्टन रोडला वळलं की इम्पीरियल, नाझ, स्वस्तिक, मिनर्व्हा, अप्सरा. सबंध हिंदी सिनेमाचा बाजार या मैल-दीड मैलात भरत असे. निर्माता इथेच वितरकाच्या कचेरीत हेलपाटे घालायचा आणि शुक्रवारी दुपारी इथल्याच फूटपाथवर उभा राहून पब्लिकचे चेहरे वाचायचा.

गिरगावच्या चाळीतल्या माणसाला ऑपेरा हाऊस आठवतं ते असं: आगाऊ बुकिंगची सकाळची रांग, खिडकीच्या गजांतून आत सरकवलेली नाणी, ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड टांगला की पुटपुटत फिरणारे ब्लॅकवाले, टॉर्च पायाशी धरून रांग दाखवणारा डोअरकीपर. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत असताना नवऱ्या-बायकोला तीन तास शेजारी बसायला मिळण्याची हीच एक जागा. बाल्कनीचं तिकीट काढणं म्हणजे पगाराचा दिवस. वर कोरीव गिलावा होता, पण त्यावर तपकिरी-करड्या रंगांचे थर चढले होते, आणि दिवे गेल्यावर त्याकडे पाहणार कोण? या आठवणींचं मोल ससूनांच्या झुंबरांपेक्षा मला तसूभरही कमी वाटत नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ या वास्तूचं वीजबिल भरलं ते याच लोकांनी, तिकिटातिकिटाने.

मग व्हिडिओ आला, केबल आली, आणि मोठ्या सभागृहाचं वीज, पगार आणि करमणूक कराचं ओझं पेलेनासं झालं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला खेळ थांबले. त्या वर्षांत अशी थिएटरं पटापट पडली. मॅजेस्टिकच्या जागी दुकानं तर केव्हाच आली होती. ऑपेरा हाऊस पडलं नाही याची कारणं मला दोन दिसतात. 1995 मध्ये मुंबईला वारसा जतनाचे नियम मिळाले, आणि मालक ज्योतेंद्रसिंहजी व कुमुदकुमारी या गोंडलच्या राजदांपत्याने ते विकायचं मनात आणलं नाही. दक्षिण मुंबईतल्या जागेचे भाव पाहता हे दुसरं कारण लहान नाही.

2008 च्या सुमारास काम वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे आलं. जीर्णोद्धार म्हटलं की सोनेरी वर्ख डोळ्यांपुढे येतो, पण जुन्या इमारतीत पहिला शत्रू पाणी असतं. छप्पर गळत असेल तर खालचं कोणतंही काम वाया. भिंतीच्या सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप वरून कापून चालत नाही, मुळासकट काढावं लागतं, नाहीतर पुढच्या पावसात ते पुन्हा दगड फोडतं. बाहेर झुलणाऱ्या बाल्कन्यांना आधार हवा होता. 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ऑपेरा हाऊसचं नाव घातलं, तेव्हा काम चालू होतं.

रंगाचं काम हे खरं तर शोधकाम. भिंतीच्या एका कोपऱ्यात अतिशय धीराने खरवडत एकेक थर उतरवायचा: वरचा ऑइलपेंट, त्याखालचा डिस्टेंपर, त्याखाली आणखी एक, आणि सर्वांत तळाशी गिलाव्याला पहिल्यांदा लावलेला रंग. तो सापडला की त्या तुकड्यावरून सबंध भिंतीचा रंग ठरवायचा. तुटलेल्या नक्षीचा शाबूत नमुना शोधून त्याचा साचा घ्यायचा. पण कापून टाकलेल्या बॉक्सचा साचा कुठून आणणार? ते जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा बांधले गेले. सिनेमासाठी गेलेली बाजूची बैठक अशा रीतीने ऐंशीएक वर्षांनी परत आली. हे सगळं करताना वातानुकूलन, अग्निशमन, नवी वायरिंग, रंगपटाच्या खोल्या, हे आजच्या कायद्याला आणि कलावंताला लागणारं सारं जुन्या कातडीआड दडवायचं होतं.

ऑक्टोबर 2016 मध्ये ‘मामी’ चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने दारं उघडली. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याकडचं मूळ असलेल्या आणि लंडनमध्ये नाव झालेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो इथे गायल्या. पुढच्या वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. आता सभागृहात सुमारे 575 खुर्च्या आहेत.

बॉक्स परत आणले हे मला योग्य वाटतं. 1935 नंतरचं सिनेमागृह जतन केलं असतं तर ते मुंबईतल्या अनेक थिएटरांपैकी एक झालं असतं, आणि रोज तीन खेळ लावून जगलंही नसतं. मूळ रूप मिळाल्यामुळे संगीत, नाटक, नृत्य, चित्रपट असं सगळं इथे होऊ शकतं, आणि बंद इमारतीपेक्षा रोज दिवे लागणारी इमारत जास्त टिकते. पण या निवडीत सिनेमाची वर्षं भिंतीवरून जवळजवळ पुसली गेली, याचं मला वाईट वाटतं. जुनी बुकलेटं, तिकिटांची अर्धुकं, शो-कार्ड, प्रोजेक्टरची भिंगं अजून गिरगावातल्या माळ्यांवर निघतील. दालनाची एक बाजू त्यासाठी ठेवली तर घुमटावरच्या कवींना अडचण होणार नाही. आणि त्या चाळींच्या जागी आता उंच इमारती होत आहेत, माणसं डोंबिवली-विरारला गेली आहेत. या वस्तू गोळा करायला फार वर्षं हातात नाहीत.

हे लिहिताना कोल्हापूर डोळ्यांपुढून हलत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑपेरा हाऊसच्याच पिढीचं. 1915 मध्ये ते उभं राहिलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत होरपळलं. कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. ते पुन्हा बांधायचं काम हाती घेतलं गेलं, पण शंभर वर्षं आवाज पिऊन मुरलेलं लाकूड जळालं ते गेलंच. ऑपेरा हाऊसचं मूळ छत अजून शाबूत आहे, ही किती मोठी मिळकत आहे हे त्या रात्रीनंतर जास्त कळलं.

तेव्हा एक मागणं आहे. या सभागृहात ‘मानापमान’चा किंवा ‘सौभद्र’चा एक प्रयोग माइक पूर्ण बंद ठेवून व्हावा. ऑर्गन, तबला, आणि सध्याच्या तरुण गायक-नटांपैकी ज्यांच्या गळ्यात तेवढा दम आहे असे कोणी. तिकीट गिरगावकराला परवडेल एवढं. आणि सर्वांत मागच्या, सर्वांत वरच्या रांगेत ऐकणारे कान बसवून बघावं, पदातला शब्द न् शब्द तिथवर पोचतो का.