पुसलेली फाईल परत का येत नाही?

लिनक्सवर नॅनो नावाचा छोटासा संपादक असतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात त्याची सेटिंग ईटीसी फोल्डरातल्या नॅनोआरसी फाईलमध्ये राहते. समजा, कुणी ती चुकून पुसली. साहजिकच माणूस नॅनो पुन्हा इन्स्टॉल करतो. सगळं सुरळीत पार पडतं, फाईल मात्र गायबच!

हा दोष नव्हे, धोरण आहे. 1993 साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये पॅकेजं बसवण्याचं काम डीपीकेजी करतो. अशा प्रत्येक सेटिंग-फाईलचा ठसा, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, तो जपून ठेवतो. संगणकाच्या मालकाने फाईल बदलली तर तो बदल त्याचा. पुसली तर तोही त्याचाच निर्णय, असं डीपीकेजी मानतो. पाहुण्याने घरातली मांडामांड बदलू नये, तसंच हे. नव्या आवृत्तीत मूळ फाईलच बदललेली असेल, तर तो आधी विचारतो. नुसतं एंटर दाबलं तर आहे तीच स्थिती राहते.

गंमत म्हणजे पॅकेज ‘रिमूव्ह’ करून परत आणलं तरी उपयोग नाही, कारण रिमूव्ह सेटिंगच्या नोंदींना हात लावत नाही. ‘पर्ज’ केलं तरच पाटी कोरी होते. पण त्यात त्या पॅकेजच्या इतर सेटिंगही जातात. त्यापेक्षा पुन्हा इन्स्टॉल करताना डीपीकेजीला ‘फोर्स-कॉन्फमिस’ हा पर्याय द्यावा. तो फक्त हरवलेली फाईल आणून ठेवतो.

फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात हेच काम करणाऱ्या आरपीएमचा स्वभाव वेगळा. फाईल दिसली नाही की तो सहसा न विचारता नवी ठेवून देतो.