घर घेताना पूररेषाही पाहावी

घर घेताना आपण मालकीची कागदपत्रे, बांधकामाचा दर्जा आणि कर्जाचा हप्ता यांची बारकाईने चौकशी करतो. पाण्याची चौकशी मात्र बहुधा नळापुरतीच राहते. दि. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, २०१९ व २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूर परिसराने महापूर अनुभवला. तापलेली हवा अधिक बाष्प धारण करते, म्हणून अतिवृष्टीचा धोका वाढत आहे.

महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द दिलासा देतात; प्रत्यक्षात त्यांचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता असा आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती सुमारे १८ टक्के होते, आणि निळ्या रेषेपुरती सुमारे ५६ टक्के! शिवाय हे गणित गतकाळातील नोंदींवर बेतलेले आहे.

म्हणून व्यवहारापूर्वी नगररचना कार्यालयात विकास आराखडा पाहावा, जुन्या रहिवाशांना पाणी कोठवर चढले होते हे विचारावे आणि शक्य तर भर पावसाळ्यात जागा पाहावी. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ विमा पॉलिसीत पुरामुळे होणाऱ्या नुकसानीचा समावेश आहे. तिचाही विचार करावा. घरात पाणी शिरले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, हे ध्यानी असावे.