रंगाआधी सरळ रेषा

जुनं लेथ विकत घेणाऱ्याची नजर आधी जाते ती कंपनीच्या नावाच्या पट्टीकडे, मग गंजाकडे, आणि लगेच मनात रंगाची छटा ठरू लागते. ब्रिटन-अमेरिकेत धातुकामाची जुनी लेथ जमवून दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींची संख्या मोठी आहे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या हाती मशीन आरशासारखं लखलखतं, पण त्यावर कातलेला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. अशा मशीनचं जतन झालं, असं मला म्हणवत नाही. चकासकट काम फिरवणारा स्पिंडल आणि टूल घेऊन कॅरेज ज्यावरून सरकते तो बेड, हे दोन्ही एकमेकांना समांतर असणं हा लेथचा प्राण. तो गेला की बाकीचं बीड किलोवर विकलं तरी फारसं बिघडत नाही. मात्र गेलेली समांतरता परत आणता येते, आणि तीही हातांनी, कारण मुळात ती हातांनीच घडवलेली होती. जुन्या लेथच्या दुरुस्तीचं सगळं गणित या एका गोष्टीवर मांडायला हवं.

लाकूड कातणारा कातारी टूल हातात धरतो. धातूवरही पूर्वी बरंच काम तसंच चाले आणि त्याची अचूकता मनगटापलीकडे जात नसे. टूल घट्ट पकडून स्क्रूने सरकवणारी स्लाइड अठराव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समध्ये जाक द व्होकांसाँच्या लेथवर दिसते. ते लेथ आज पॅरिसच्या संग्रहालयात आहे. लंडनच्या हेन्री मॉड्सलेने 1800च्या सुमारास स्लाइड, तिला सरकवणारा लीडस्क्रू आणि बदलते गिअर एका धातूच्या मशीनवर एकत्र आणले आणि हवे तसे आटे पाडण्याची सोय केली. पुस्तकं त्याला लेथचा जनक म्हणून मोकळी होतात, ते सोडून देऊ. त्याच्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर सपाट पृष्ठभागाच्या प्लेटा असत आणि भाग त्यांच्यावर घासून तपासले जात, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पुढे आट्यांचं प्रमाण ठरवणारा जोसेफ व्हिटवर्थ याच कारखान्यात काम करून गेला, आणि 1840 साली त्याने सपाट प्लेट तयार करण्याची पद्धत जाहीरपणे मांडली. दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तर एक किंचित खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर राहू शकते. दोघी एकमेकींशी नेमक्या जुळतात आणि तरी दोघीही चुकीच्या. तिसरी प्लेट आणून तिन्ही जोड्या आळीपाळीने जुळवल्या की ही फसवणूक टिकत नाही. तिन्ही प्लेटा एकमेकींशी तंतोतंत बसायच्या तर त्या सपाटच असाव्या लागतात. म्हणजे अचूक पृष्ठभागासाठी आधी दुसरं अचूक मशीन असावं लागत नाही. तीन बिडाच्या प्लेटा, निळा रंग, खरवडायचा स्क्रेपर आणि पुरेसा धीर असला की झालं.

जुन्या लेथचे बेड याच रीतीने पुरे केले जात. रंधा मशीनवर ढोबळ काम उरकल्यावर कारागीर प्रमाण पृष्ठभागाला निळा लावून तो बेडवर घाशी. निळे ठिपके पडतील ते उंचवटे, ते स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा निळा, पुन्हा खरवड. एका फेरीत मिलिमीटरचे काही हजारावे भाग निघतात. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात, त्यामुळे ते खरवडायला सोपं, कंप शोषायला चांगलं, आणि खरवडीच्या सूक्ष्म खळग्यांत तेल धरून ठेवणारं. बेड झिजतो तो सगळीकडे सारखा झिजत नाही. बहुतेक काम चकाजवळ चालतं, म्हणून तिथला बेड खातो आणि दुसऱ्या टोकाचा, टेलस्टॉककडचा, जवळजवळ नव्यासारखा राहतो. कॅरेज चकापाशी ढिली पडेल म्हणून तिची पट्टी आवळली तर ती टेलस्टॉककडे जाताना अडकते. विकत घेणाऱ्याला मशीन चालू न करताही एवढी परीक्षा करता येते. शिवाय तो न झिजलेला भाग मापासाठी मूळचा संदर्भ म्हणून हाताशी असतो, आणि तिथूनच दुरुस्तीला सुरुवात होते.

इंग्लंडातल्या बीस्टनच्या मायफोर्ड कंपनीचं एमएल7 हे न झिजलेल्या भागाच्या अशा वापराचं उत्तम उदाहरण आहे. 1946 साली बाजारात आलेलं हे छोटं लेथ हौशी कारागिरांच्या शेडमध्ये अजून सर्रास सापडतं. त्याच्या स्पिंडलची बेअरिंग दुभागलेली, पांढऱ्या धातूची. दोन भागांमधल्या शिमचे, म्हणजे पातळ पट्टीचे, थर एकेक सोलून काढता येतात, म्हणजे झीज वाढेल तसं बेअरिंग पुन्हा घट्ट बसवता येतं. कॅरेजला वाट दाखवण्याचं काम पूर्वी बेडची पुढची पट्टी एकटी करी आणि तीच झिजे. मागच्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षं काहीच काम नसे. जाणत्या हौशींनी कॅरेजला मागे एक पट्टी बसवून त्या कोऱ्या बाजूचा आधार घेतला आणि बेड न घासताच मशीन सरळ कातू लागलं. सत्तरच्या दशकात कंपनीनेही हीच रुंद आधाराची रचना स्वीकारली. रंगाच्या डब्याला हे जमलं नसतं.

गंज आणि रंगाचं काम थोडक्यात सांगण्यासारखं आहे. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार भंगार लोखंडाला जोडली की गंज सुटतो. धन बाजूला स्टेनलेस स्टील मात्र लावू नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर करावं. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, तेव्हा तो कोरडा घासून धूळ उडवणं हा शुद्ध वेडेपणा.

आता यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप. बेड खरवडला की त्यावरच्या मूळ कारागिराच्या खुणा जातात, झिजेची नोंदही जाते. मग हे जतन कसलं? मॉड्सलेचं लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, त्याला स्क्रेपर लावणं गुन्हाच ठरेल, कारण त्याच्यासारखं दुसरं नाही आणि त्याचा प्रत्येक ओरखडा पुरावा आहे. पण हजारोंनी बनलेल्या मायफोर्डला किंवा अमेरिकन साउथ बेंडला तोच न्याय लावला तर आपण वस्तू जपतो आणि ती बनवण्याचं कसब मरू देतो. ते कसब कागदावर फारसं टिकत नाही. निळ्याचा थर किती पातळ हवा, स्क्रेपर कोणत्या कोनात धरायचा, हे काम करतानाच कळतं. म्हणून सर्वसाधारण मशीन चालतं करावं, आधी फोटो आणि मापं नोंदवावीत, मूळचे सुटे भाग फेकू नयेत. दुर्मीळ नमुना असेल तर तेल लावून जसा आहे तसा ठेवावा. सीमारेषा प्रत्येक वेळी स्पष्ट असणार नाही, हे मान्य.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या काळात हा उपद्व्याप कशाला? उत्पादनाच्या वेगाचा प्रश्न असेल तर उत्तर नाही, आणि जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांच्या नादी लागण्याचंही कारण नाही. आज दिसतात ती लेथ चांगली वाटतात याचं एक कारण असं, की वाईट होती ती केव्हाच भट्टीत गेली. शिवाय टेलर आणि व्हाइट यांचं हायस्पीड स्टील 1900च्या पॅरिस प्रदर्शनात दिसलं आणि त्यानंतर लाल होईपर्यंत तापलं तरी धार टिकवणारी टूलं आली. त्याआधीची सडपातळ, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारी लेथ त्यांच्यापुढे एकाएकी अशक्त ठरली. अशा लेथकडून आजचा काप मागणं अन्याय आहे. पण एखादा सुटा भाग, मोडलेला आस, बाजारात न मिळणारा बोल्ट, अशा कामांना वेग लागत नाही. जुनं लेथ इंचाचं म्हणून निरुपयोगी हाही गैरसमजच. इंच म्हणजे नेमके 25.4 मिलिमीटर, आणि 127 ला 5 ने भागलं की तेवढेच येतात. त्यामुळे 127 दात्यांचा एक गिअर जोडला की इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे बिनचूक पडतात. उघडे गिअर आणि पट्टे मात्र खरोखरच धोक्याचे, आणि तिथे मूळ रूपाचा हट्ट सोडून जाळी बसवणंच शहाणपणाचं.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची किंवा बंगळूरच्या एचएमटीची जुनी लेथ अजून वर्कशॉपमध्ये भाकरीचं काम करतात. त्यांना कोणी पुराणवस्तू म्हणत नाही. चकाजवळ खाल्लेला बेड ग्राइंडिंगला द्यायचा की तसाच वापरून शेवटी भंगारात घालायचा, एवढाच हिशोब मालक करतो. त्या हिशोबात स्क्रेपरने बेड जुळवणाऱ्या फिटरची मजुरी धरली जाते ती असा फिटर सापडला तरच.