इंग्लंडातील अरुंद नावा आणि त्यांचे हौशी नावाडी

कालवा म्हटला की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचा मळा उभा राहतो. खडकवासल्याचा कालवा घ्या की निरेचा घ्या, धरणातले पाणी शेतापर्यंत पोचवावे, एवढीच त्याच्याकडून आपली अपेक्षा. इंग्लंडात कालवे खणले गेले ते मुख्यतः मालासाठी. तेथे पाणी आपल्या जागी जवळजवळ स्वस्थ पडलेले असते आणि त्याच्यावरून नावा चालतात. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराच्या वर्स्ली येथील खाणींतला कोळसा कालव्यातून मँचेस्टरकडे जाऊ लागला, आणि त्या शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. त्यात नवल नव्हते. जो घोडा पाठीवर फार तर तीन मण ओझे नेई, तोच काठाने चालत दोराने २५ ते ३० टनांची नाव ओढू लागला.

या नावांचा आकार मोठा विलक्षण. रुंदी ७ फूट आणि लांबी ७० फुटांच्या आसपास. म्हणजे पेठेतला एखादा बोळ उचलून पाण्यावर ठेवावा तशी. आकार ठरला तो लॉकमुळे. लॉक किंवा जलपाश म्हणजे दोन्ही तोंडांना दारे असलेला, दगडविटांनी बांधलेला हौद. खालून आलेली नाव आत घ्यायची, मागले दार लावायचे, वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. हौद भरत जातो तशी नाव वर चढते. अशा पायऱ्यांनी कालवा टेकडी चढतो. परंतु दर खेपेला हौदभर पाणी खाली वाहून जाते, आणि टेकडीच्या माथ्यावर पाण्याचा तुटवडा असतो. तेव्हा मध्य इंग्लंडातील कालवे आखणाऱ्या जेम्स ब्रिंडली या स्थापत्यकाराने हौद शक्य तितका चिंचोळा धरला. पाणी वाचले, विटा वाचल्या, आणि पुढील दोनशे वर्षांच्या नावांची रुंदी कायमची ठरून गेली.

पुढे आगगाडी आली. भाडे उतरले, नावाड्याची मिळकत उतरली, आणि गड्याची मजुरी व काठावरच्या घराचे भाडे वाचावे म्हणून अनेकांनी बायकामुलांना नावेवरच आणले. मालासाठी जागा सोडल्यावर मागे उरे ती सुमारे १० फूट लांबीची खोली. तीतच चूल, तीतच बिछाना, तीतच बाळंतपण. जॉर्ज स्मिथ नावाच्या सुधारकाने या लोकांच्या हलाखीविषयी आरडाओरड केली, तेव्हा १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. मुलांनी शाळेत जावे असे ठरले खरे. पण आज या गावी आणि उद्या त्या गावी मुक्काम असणाऱ्या मुलाची शाळा कोणती? बहुतेकांना अक्षरओळख झाली नाही. काठावरचे लोक त्यांना आपल्यातले मानीत नसत.

याच माणसांच्या हातांत एक विद्या होती. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती. बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे जात होती. आज इंग्लंडातील स्वयंसेवक जुन्या नावा जतन करतात, तेव्हा खरोखर काय जतन करतात, हा प्रश्न आम्हास या विद्येमुळे पडतो. लोखंड आणि लाकूड जतन करणे पैशाचे काम आहे. हाताची सवय जतन करणे हे निराळेच काम आहे.

बाहेरची माणसे हे काम शिकू शकतात, याचा पडताळा महायुद्धात आला. खलाशांची वाण पडली, तेव्हा लंडन ते बर्मिंगहॅम या मार्गावर तरुण स्त्रिया भरती झाल्या. तिघींनी मिळून नावांची एक जोडी सांभाळायची, लंडनहून पोलाद वगैरे सुमारे ५० टन माल वर न्यायचा आणि कॉव्हेंट्रीजवळच्या खाणींतून कोळसा घेऊन परत यायचे. त्यांच्या बिल्ल्यावर अंतर्गत जलमार्ग या अर्थाची ‘आय डब्ल्यू’ ही अक्षरे होती. टवाळांनी त्यांचा अर्थ ‘आयडल विमेन’, म्हणजे रिकामटेकड्या बायका, असा लावला. पुढे हे टोपणनाव त्या अभिमानाने मिरवू लागल्या. त्यांना मजुरी मिळे. पण पोटासाठी त्या आल्या नव्हत्या, आणि जन्माने तर या पाण्यावरच्या नव्हत्याच. तरी माल पोचला.

युद्ध संपल्यावर धंदा मात्र टिकला नाही. १९४८ साली बहुतेक कालवे सरकारकडे आले. १९६२–६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि अडकलेला माल कायमचा मोटारींकडे गेला. ॲथरस्टोनहून लंडनजवळच्या एका मुरंब्याच्या कारखान्याला कोळसा नेण्याची फेरी १९७० साली बंद झाली. नियमित लांबपल्ल्याच्या वाहतुकीचा तो शेवटच म्हणावयाचा.

कालवे मात्र बुजले नाहीत. एल. टी. सी. रोल्ट या इंजिनिअराने आपल्या जलप्रवासावर ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध केले. ते वाचून रॉबर्ट आयकमन हे लेखक त्यांना भेटले आणि १९४६ साली दोघांनी जलमार्गांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. थोड्याच काळात दोघांचे बिनसले. रोल्ट यांचे लक्ष नावाड्यांवर आणि त्यांच्या चालत्या धंद्यावर होते. आयकमन यांना एकूण एक कालवा खुला हवा होता, मग त्यावरून कोणीही जावो. १९५१ साली रोल्ट यांना संस्थेबाहेर पडावे लागले. आमचे मन रोल्ट यांच्याकडे झुकते. पण व्यवहारात आयकमन यांचीच सरशी झाली हे कबूल केले पाहिजे. हौशी प्रवाशांनी कालवे वाचविले. आज तेथील जलमार्गांवर ३० हजारांहून अधिक नावा आहेत, आणि त्यांपैकी माल वाहणाऱ्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

या गर्दीत ‘प्रेसिडेंट’ नावाची एक काळी नाव आहे. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने ती १९०९ साली बर्मिंगहॅमच्या सॉल्टली येथील आपल्या गोदीत बांधली. ती वाफेवर चालणारी. स्वतः माल वाहून शिवाय मागे एक बिनयंत्राची जोडनाव ओढायची, आणि रात्रंदिवस न थांबता लंडन-बर्मिंगहॅम फेऱ्या करायच्या, हे अशा नावांचे काम. दोन्ही नावा मिळून सात पुरुष पाळीपाळीने राबत. बायकामुलांना तेथे जागा नव्हती. मालालाही कमीच होती, कारण यंत्र व बाष्पपात्र यांनी पुष्कळ जागा खाल्ली होती. १९२५ साली कंपनीने वाफेचे यंत्र काढून तेलाचे बसविले. पुढे ही नाव सरकारी दुरुस्तीखात्यात राबली आणि शेवटी जीर्ण होऊन पडली. १९७३ साली दोघा हौशी मंडळींनी ती विकत घेऊन पुन्हा वाफेवर आणली. १९८३ साली ती डडली येथील ब्लॅक कंट्री संग्रहालयाच्या मालकीची झाली. तेथे तिला चालती ठेवण्याचा भार स्वयंसेवकांच्या एका मित्रमंडळाने उचलला. १९१३ सालची ‘किल्डेअर’ ही तिची जोडनाव.

चालती ठेवणे म्हणजे काय, ते थोडे तपशिलाने पाहू. सकाळी निघावयाचे तर विस्तव त्याच्या कित्येक तास आधी घालावा लागतो. पात्र घाईने तापविले तर त्याचे भाग कमीजास्त फुगून सांधे ताणले जातात. पात्रातील पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी असते, तिच्यावरून नजर काढायची नाही. सुकाणू धरणारा वेगळा आणि यंत्र हाकणारा वेगळा. नावेला ब्रेक नसतो. थांबावयाचे तर यंत्र उलटे फिरवावे लागते, आणि उलट्या गतीत सुकाणू जवळजवळ निरुपयोगी होते. तेव्हा पुलाच्या वळणाआड काय आहे ते सुकाणूवाल्याने आधीच ताडले पाहिजे आणि यंत्रवाल्याने त्याचे मन ओळखले पाहिजे.

लॉकमध्ये धोका निराळा. वरच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. हौद भरलेला असताना तो दिसत नाही. नाव खाली उतरवताना तिची पिछाडी या उंबरठ्यावर टेकली, तर पाणी उतरते तशी नाकाडी खाली जाते, पिछाडी वर अडकून राहते, आणि काही मिनिटांत नाव बुडते. म्हणून किल्ली घेऊन झडपेजवळ उभ्या असलेल्या माणसाने नावेवरचा डोळा काढायचा नसतो, मग काठावरचा प्रेक्षक कितीही गोड प्रश्न विचारो. रुंद लॉकमध्ये जोडी शेजारीशेजारी मावते. अरुंद लॉकमध्ये नावा एकेक न्याव्या लागतात, आणि जोडनावेला यंत्र नसल्यामुळे माणसांनी दोर खांद्यावर घेऊन तिला ओढायचे. सुटीच्या दिवशी कचेरीतली माणसे आपण होऊन हे करतात!

हे सारे करताना नाव झिजते, आणि येथेच जतन करणाऱ्याची खरी पंचाईत आहे. गोदामात ठेवली तर लोखंड टिकेल, पण पाच-दहा वर्षांत ती हाकू शकणारा माणूस उरणार नाही. चालविली तर माणूस तयार होईल, पण पत्रा बदलावा लागेल, खिळे बदलावे लागतील. ‘प्रेसिडेंट’मधील आजचे वाफेचे यंत्र व पात्र ही मूळची नव्हेतच. लाकडी नावांची तऱ्हा याहून अवघड. ब्रॉन्स्टन येथे बांधलेली अखेरची लाकडी मालनाव ‘रेमंड’ १९५८ ची. तिचेही एक मित्रमंडळ आहे. फळ्यांच्या फटींत पिंजलेला दोर ठोकून बसवावा लागतो. जुनी पद्धत म्हणजे डांबर, गाईचे केस आणि घोड्याची लीद यांचे मिश्रण गरमगरम चोपडायचे. तळाला एल्मच्या फळ्या लागत, कारण ते लाकूड सतत पाण्याखाली असले की वर्षानुवर्षे कुजत नाही. १९७० च्या सुमारास आलेल्या रोगाने इंग्लंडातील एल्मची झाडे लाखांनी मेली. आता मोठी फळी मिळविणे हेच एक व्रत होऊन बसले आहे.

मग ही नाव जुनी कशावरून? आमच्या मते, ती ज्या रीतीने हाकली जाते तिच्यावरून. फळी नवी असली तरी ती ठोकणारा हात जुन्या हाताकडून शिकलेला असेल, तर धागा तुटलेला नाही. पण हा धागा आज फार बारीक झाला आहे. नावेवर जन्मलेली पिढी जवळजवळ संपली. तिच्याकडून शिकलेले स्वयंसेवकही म्हातारे झाले. तरुणाला रंगविलेले गुलाब आणि पितळेची झिलई आवडते. जानेवारीच्या थंडीत बाष्पपात्रातला क्षार खरवडावयास माणसे कमी पडतात. आणखी एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. ज्यांनी ही विद्या घडविली त्यांना काठावर कोणी जवळ केले नाही, आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांना मात्र आता रांगा लागतात. काही स्वयंसेवक प्रेक्षकांना ही बाजूही सांगतात. सर्वांनी सांगावी.

अलीकडे एक नवीनच अडचण उभी राहिली आहे. ब्रिटनमधील शेवटची खोल कोळशाची खाण २०१५ साली बंद झाली, आणि २०२३ साली वेल्समधील मोठी उघडी खाणही. वाफेच्या आगगाड्या व नावा चालविणाऱ्या मंडळींना आता परदेशी कोळसा तरी आणावा लागतो, नाही तर भुकटीत वनस्पतिजन्य पदार्थ मिसळून केलेले गोळे तरी जाळून पाहावे लागतात. या गोळ्यांची आच निराळी, राख निराळी. कोणत्या जाळीवर ते किती जाड पसरावेत, हे नव्याने शिकण्याचे काम भट्टीपुढच्या माणसांचे चालू आहे.