घर रंगवा, पण लेकरं सांभाळून



सोयाबीन, बाजरी घरात यायची वेळ झाली की दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू होते. भांडीकुंडी अंगणात येतात, चुना भिजतो आणि पोरं त्या पसाऱ्यात नाचत असतात. फवारणी चालू असताना पोरांना शेतात आणू नका, हे आम्ही गावोगाव सांगतो. घर रंगवतानाही तेवढीच काळजी हवी.

चुना भिजवताना

मातीच्या किंवा जुन्या दगडी भिंतीला चुन्यासारखा स्वस्त आणि चांगला रंग नाही. १ किलो चुनकळीला साधारण ५ लिटर पाणी धरा. २४ तास भिजू द्या, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळा. १० लिटर निवळीत ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घातला की चुना हाताला लागत नाही. थोडी नीळ घातली की भिंत पांढरीशुभ्र दिसते.

पण चुनकळी पाण्यात पडली की पाणी उकळू लागतं. म्हणून प्लास्टिकची बादली नको, पत्र्याचा डबा घ्या. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी चुनकळी. आणि ते २४ तास डबा उघडा अंगणात ठेवू नका. झाकण लावून, वर दगड ठेवून, पोरं जाणार नाहीत अशा खोलीत ठेवा. डोळ्यात चुना गेलाच तर चोळू नका, तूप-तेल घालू नका. निदान २० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि लगेच दवाखाना गाठा.

जुना ऑइलपेंट खरवडू नका

दारं, खिडक्या, कपाटं यांच्यावरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. लोखंडाला लावायच्या केशरी रेड लेड प्रायमरमध्ये तर ते असतंच. कोरड्या पॉलिशपेपरने घासलं की त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते. रांगतं मूल तिथं हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मुलाचं शरीर चार-पाच पट शिसं शोषून घेतं. वरून काही दिसत नाही, पण डोक्याची वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शिशाचं अमुक प्रमाण मुलांना चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

म्हणून जुना रंग घट्ट असेल तर खरवडूच नका, त्यावरच नवा हात द्या. पोपडे निघत असतील तर पाणी मारून ओलं करून घासा. खाली जुनं पोतं अंथरा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. हे काम गरोदर बाईकडे देऊ नका, कारण शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. निघालेली खरवड उकिरड्यावर टाकाल तर खतातून ती शेतात जाईल, शिवाय कोंबड्या ती टिपतील.

नवा रंग घेताना

घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, यापेक्षा जास्त असू नये, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर तसं छापलेलं असावं लागतं. ते वाचून, पावती घेऊनच रंग घ्या. हा नियम कारखान्यांत लागणाऱ्या रंगांना नाही. तेव्हा ट्रॉलीला, अवजाराला मारून उरलेला रंग पाळण्याला किंवा खेळण्याला लावू नका.

पंप, डबे आणि बाटल्या

काही जण फवारणीच्या पंपाने चुना मारतात, औषधाच्या रिकाम्या डब्यात रंग कालवतात. पंप कितीही धुतला तरी औषधाचा अंश राहतो. थिनर, टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. मुलाने चुकून प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुप्फुसात उतरतं. मुलाला आणि बाटलीला घेऊन थेट दवाखान्यात जा.

एका वेळी एकच खोली काढा. पोरांना तेवढे दिवस आजीकडे नाहीतर शेजारी ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत झोपवू नका. घर रिकामं झालंच आहे, तर फळीवरची कीटकनाशकं घराबाहेर कुलपात हलवून टाका.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. अंगणवाडी, शाळा रंगवायची तर मुलांच्या सुट्टीत रंगवा. बिल मंजूर करण्याआधी डब्यावरचा शिशाचा मजकूर स्वतः वाचा. आपल्या गावची पोरं दिवसभर त्याच भिंतीला टेकून बसतात.