फुटबॉल प्रशिक्षक: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

भोसरी हे कुस्ती आणि कबड्डीचं गाव. गाजलेला मल्ल चांगला वस्ताद होईलच असं नाही, हे इथल्या तालमीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. फुटबॉलच्या बाबतीत मात्र हे शहाणपण बाजूला राहतं. मुलाचं नाव घालताना पालक विचारतात, ‘सर कुठून खेळलेत?’ ‘शिकवायचं कुठे शिकलेत?’ हा प्रश्न क्वचितच येतो. खेळाडू ते प्रशिक्षक हा प्रवास खरा कसा असतो, ते समजून घेण्यासाठी मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या खालिद जमील यांच्यासारखं उदाहरण नाही.

गैरसमज १: मोठा खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होतो.

वस्तुस्थिती: जमील मधल्या फळीत खेळायचे. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी हे त्यांचे संघ. दुखापतींनी त्यांची कारकीर्द आखडली आणि २००९ मध्ये त्यांनी खेळणं थांबवलं. भारतासाठी त्यांच्या वाट्याला मोजकेच सामने आले. तरीही प्रशिक्षक म्हणून ते देशाच्या संघापर्यंत पोहोचले. इटलीचे अरिगो साकी तर व्यावसायिक फुटबॉल खेळलेच नव्हते, पण त्यांच्या एसी मिलानने १९८९ आणि १९९० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. उलट झिनेदिन झिदानसारख्या विश्वविजेत्यानेही रेआल माद्रिदचा मुख्य संघ हाती घेण्याआधी त्याच क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाला शिकवलं. खेळाडूच्या पायाला जे न विचारता सुचतं, ते दुसऱ्याला टप्प्याटप्प्याने फोड करून दाखवणं ही निराळी विद्या आहे.

गैरसमज २: परवाना म्हणजे नुसता कागद.

वस्तुस्थिती: भारतात सुरुवात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक अभ्यासक्रमांपासून होते. ‘डी’ परवान्यानंतर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी ‘प्रो’ असे टप्पे येतात. सरावाचा आराखडा लिहायचा, तो मैदानावर घेऊन दाखवायचा, तपासनिसांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मधल्या काळात प्रत्यक्ष संघांवर काम करायचं, असं हे शिक्षण आहे. मुलांवर त्याचा थेट परिणाम होतो. न शिकलेला प्रशिक्षक दहा वर्षांच्या मुलांना एका रांगेत उभं करतो आणि मुलं चेंडूची वाट बघत बसतात. शिकलेला प्रशिक्षक चार विरुद्ध चारचे छोटे सामने लावतो. त्यात प्रत्येकाच्या पायाशी सतत चेंडू येतो आणि निर्णय प्रत्येकाला घ्यावा लागतो.

गैरसमज ३: चषक नाही, म्हणजे प्रशिक्षक कच्चा.

वस्तुस्थिती: जमील २००९ ते २०१६ मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. या काळात त्यांनी आय-लीग ही देशाची तेव्हाची अव्वल लीग जिंकली नाही, पण बेताच्या ताकदीचा हा संघ त्यांनी वरच्या श्रेणीत टिकवून धरला. त्यांच्यानंतरच्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, मुंबई एफसी तळाला गेला. त्याच हंगामात जमील यांच्या आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली. आदल्या वर्षी घसरणीच्या जागेवर राहिलेल्या या संघाला महासंघाने पुन्हा स्पर्धेत घेतलं होतं. शेवटी आयझॉलचे ३७ गुण झाले आणि मोहन बागानचे ३६. ईशान्येकडच्या क्लबचं हे पहिलंच राष्ट्रीय लीग विजेतेपद. पुढे ईस्ट बंगाल आणि मोहन बागानमध्ये तसं यश आलं नाही, तेव्हा लीगविजेत्या या प्रशिक्षकाने नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायकाचं काम पत्करलं. प्रशिक्षकाची किंमत ठरवताना त्याच्या हाती काय होतं, हे आधी बघायला हवं.

गैरसमज ४: मोठ्या संघाला परदेशी प्रशिक्षकच लागतो.

वस्तुस्थिती: २०२०-२१ च्या हंगामाच्या मध्यात नॉर्थईस्टची हंगामी जबाबदारी जमील यांच्याकडे आली आणि त्यांनी संघाला उपांत्य फेरीत नेलं. २०२१ मध्ये ते इंडियन सुपर लीगमधले पहिले भारतीय पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. त्यांच्याआधी हे पद पूर्णवेळ सांभाळणारे शेवटचे भारतीय होते गोव्याचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू साव्हियो मेदेरा, २०११-१२ मध्ये. जमील यांच्या संघाने सुरुवातीलाच मध्य आशियाई महासंघाच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवलं. पुढच्याच महिन्यात मडगावात सिंगापूरकडून हार झाली आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. प्रशिक्षक देशी असो वा विदेशी, खालून चांगले खेळाडू येत नसतील तर त्याचे हात बांधलेलेच राहतात.

गैरसमज ५: आपल्या पट्ट्याचा आणि फुटबॉलचा काय संबंध?

वस्तुस्थिती: पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. त्यांचं घरचं मैदान बालेवाडी आणि अकादमी मामुर्डीला, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या अंगणातच. प्रशिक्षक होते गोव्याचे माजी खेळाडू डेरिक परेरा. महिंद्रा युनायटेडला २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्यांनीच जिंकून दिली होती. पण महिंद्राचा संघ २०१० मध्ये बंद झाला आणि पुणे एफसी २०१५ मध्ये. एके काळी कंपनीच्या संघातून खेळणाऱ्याला नोकरीचा आधार असे. खेळ थांबला तरी हजेरीपट चालू राही. तो आधार आता फार थोड्यांना मिळतो. म्हणूनच प्रशिक्षण ही निवृत्तीनंतरची विरंगुळ्याची गोष्ट राहिलेली नाही. तो पोटापाण्याचा पूर्ण व्यवसाय आहे आणि त्याची तयारी खेळत असतानाच सुरू करावी लागते.

इंद्रायणीनगर, मोशी, चिखलीच्या पालकांनी म्हणूनच नाव घालण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारावेत. प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे? एका प्रशिक्षकामागे मुलं किती? तासाभरात माझ्या मुलाच्या किंवा मुलीच्या पायाशी चेंडू किती वेळ असेल? आणि स्थानिक स्पर्धा गाजवणाऱ्या पंचविशीतल्या खेळाडूंनी ‘डी’ परवान्याचा अर्ज आजच भरावा. चाकण-भोसरीत कुशल कारागिराला मान आहे. तोच मान शिकून-सवरून मैदानावर उतरणाऱ्या प्रशिक्षकाला मिळाला, तर पुढचा खालिद जमील याच पट्ट्यातून उभा राहू शकतो.